प्रश्नाची पहिली फोड

विशाखा लातूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. लायब्ररी म्हटलं की आपल्याला कपाटं, धूळ आणि गप्प बसा म्हणणारी बाई आठवते. तिच्या लायब्ररीत कपाटं आहेत, पण त्यांना आता कुणी हात लावत नाही. पोरं येतात ती पंखा बघून आणि कॉम्प्युटर बघून. विशाखाचं काम त्या कॉम्प्युटरवरचं. जगात कुठल्या डॉक्टरनं कुठल्या दुखण्यावर काय करून पाहिलं, कुणाला गुण आला, कुणाला नाही आला, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. ते इतकं झालंय की वाचत बसलं तर डॉक्टर म्हातारा होईल आणि पेशंट त्याच्या आधी जाईल. म्हणून शोधायची साधनं निघाली. ती कशी वापरायची, हे विशाखा पोरांना शिकवते.

साधनांची नावं इंग्रजी. पोरांच्या डोक्यात ती उलटीसुलटी होत, म्हणून तिनं घरची नावं ठेवली. एकाचं नाव मोंढा, धान्याच्या बाजारावरून. तिथं सगळ्या प्रतीचा माल येतो, चांगला, किडका, खडे घातलेला, आणि ज्याची चलती तो पुढं दिसतो. दुसरं गोदाम. तिथं माल रचून ठेवलेला, प्रत्येक थप्पीला ठरलेलं नाव. त्या नावानं मागितलं तर पोतं बाहेर येतं, आपल्या बोलीतल्या नावानं मागितलं तर रिकाम्या हातानं परत. तिसरी चाळणी. तिच्यात थोडंच असतं, पण आधी कुणीतरी निवडून, पाखडून ठेवलेलं. आणि चौथा अलीकडं आलेला, त्याचं नाव बोलका. तो कागद दाखवत बसत नाही, सरळ उत्तर देतो, आणि विचारणाऱ्याचं तोंड बघून देतो की काय असं वाटावं इतक्या गोड आवाजात देतो.

पोरं म्हणायची, “मॅडम, चार ठिकाणी कशाला जायचं? एकानं सांगितलं ते बास.”

“बहिणीला स्थळ बघता तवा एकालाच विचारता का रे? मध्यस्थ सांगतो पोरगा निर्व्यसनी. मग पानटपरीवाल्याला कामून विचारता?”

पोरं हसायची. तिचं म्हणणं एवढंच की प्रश्न एकच ठेवायचा आणि चौघांना विचारायचा. कोण काय आणतं ते शेजारी शेजारी मांडून बघायचं. पण त्याच्याही आधी प्रश्नाच्या चार फोडी करायच्या, कांद्याच्या करतात तशा. पेशंट कोण? त्याला काय करणार? ते नाही केलं तर दुसरं काय? आणि त्यातून काय व्हावं अशी अपेक्षा? पहिली फोड चुकली की बाकीच्या तीन कितीही नीट कापा, चारही साधनं मिळून तुम्हाला चुकीच्या घरी नेऊन सोडतील. हे ती दरवर्षी सांगत होती. सांगून सांगून तिच्या तोंडात ते बसलं होतं.

विशाखा मूळची मुदखेडची. वडील केरबा रेल्वेत पॉइंट्समन. कुठली गाडी कुठल्या रुळावर घालायची, हे हयातभर ध्यानात ठेवलेला माणूस. आई भामाबाई. धाकटा भाऊ सुगत नांदेडला सरकारी कचेरीत. विशाखानं नांदेडात लायब्ररीचा कोर्स केला, लातुरात नोकरी लागली, लग्नही तिथंच झालं. नवरा श्रीमंत, नावाचा. एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडतो आणि घरी आल्यावर तोंड उघडत नाही. पण माणूस चांगला.

केरबा रिटायर झाल्यावर विहारात रमले. वंदनेला पुढं उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचा मान त्यांचा. बाकीच्यांनी मागून म्हणायचं. एका आषाढी पौर्णिमेला पंचशील म्हणता म्हणता ते मध्येच थांबले. सगळे हात जोडून वाट बघत राहिले. केरबा समोरच्या फुलांकडं बघत उभे, जणू ती फुलं कुणाची आहेत तेच कळेना. मागून कुणीतरी पुढची ओळ धरली आणि वंदना कशीबशी पार पडली. बाहेर चपला घालताना बाया भामाबाईला विचारायला लागल्या. ती म्हणाली, “लकव्याचा झटका येऊन गेलाय न्हवं का. जिभंवर बसलाय.”

झटका आला होता हे खोटं नव्हतं. आदल्या वर्षी एका सकाळी तोंड जरा वाकडं झालं होतं, गोळ्यांनी दुपारपर्यंत सरळ झालं. त्या एवढ्याशा खऱ्यावर भामाबाईनं हे सगळं टेकवून दिलं. तिला दुसरं काय म्हणता आलं असतं? केरबा सिग्नलवाला येडा झाला, असं मुदखेडात कुणी म्हटलेलं तिला ऐकायचं नव्हतं. पुढं भोकरच्या एका डॉक्टरनं तपासून खरं नाव सांगितलं, की हा विसरण्याचा आजार आहे, मेंदू हळूहळू वाळत जातो, मागं फिरत नाही. ते नाव घरात आलं आणि घरातच राहिलं. बाहेर लकवा. मग हळूहळू घरातही लकवा. सुगतच्या बायकोनं, महामायानं, पोरांना तेच सांगितलं. विशाखानं रजेचे अर्ज केले तेही वडिलांच्या लकव्यासाठी. केरबा घरातच संडासाची वाट चुकायचे, सुगतला साहेब म्हणायचे, आणि सगळे म्हणायचे, लकव्यानं असं होतं.

या दिवाळीनंतर केरबांनी खाणं सोडलं. सोडलं म्हणजे तोंडात घास घेतला की तो तसाच ठेवायचे. चावायचं असतं, गिळायचं असतं, हेच विसरले. एक घास फुप्फुसात गेला, ताप चढला, आणि सुगतनं त्यांना नांदेडच्या दवाखान्यात आणलं. तिथंही लकवाच सांगितला. ताप उतरला. नाकातून नळी घातली ती त्यांनी ओढून काढली. दुसऱ्यांदा घातली, तेव्हा हात पलंगाला बांधले. आता डॉक्टर म्हणत होते, कायमचं करायचं तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल. बसवायची का नाही, हे घरच्यांनी सांगायचं.

डॉक्टर निघाला राजशेखर. उदगीरकडचा. लातुरात विशाखाच्याच कॉम्प्युटरवर शिकून गेलेला. त्यानं फोन केला.

“मॅडम, मी सांगू शकतो, पण तुम्ही शोधलेलं जास्त खरं. तुम्हीच आम्हाला शिकवलंय. बघून या. मी तोवर थांबतो.”

लगेच सुगतचा फोन. “अक्का, त्याला सांग बसवा म्हणून. आमच्या ऑफिसातल्या पंढरीच्या बापाला लकवा झाला, नळी लावली, पुढं काढून टाकली. आता बसून चहा पितो तो.”

“बघते.”

“बघते काय बघते? आबा बांधलेले हायत तिथं.”

“बघते म्हणलं न्हवं.”

फोन ठेवला. तिला वाटलं, आता काहीतरी होईल, डोळे भरतील. काही झालं नाही. शेजारच्या टेबलावरचा शिपाई चहा घेता का म्हणाला, ती हो म्हणाली. चहा कोमट होता. प्यायली. मग कुणा अनोळखी डॉक्टरची चिठ्ठी यावी तसा तिनं प्रश्न पुढं ओढला आणि त्याच्या फोडी केल्या. पेशंट: म्हातारा माणूस, लकवा, गिळता येत नाही. करणार काय: नळीनं अन्न. नाही तर काय: हातानं भरवणं. व्हावं काय: जगावा.

चौघांनाही विचारलं. गोदामात लकव्याची थप्पी मोठी, आणि तिचं ठरलेलं नाव विशाखाला पाठ. चाळणीत थोडं, पण नीटस. मोंढ्यात रग्गड. बोलक्यानं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत मान हलवली. चौघांचा सूर जवळपास एक. झटक्यानंतर गिळणं बंद झालं तर नळी लवकर घालावी, जगायची आशा वाढू शकते, आणि पुष्कळांचं गिळणं पुढं परत येतं.

चारही साधनं एका बोलीवर यावीत असं क्वचित होतं. एरवी तिनं ते पोरांना बोलावून दाखवलं असतं. आज तिनं कागद छापले, पिशवीत घातले, रजा टाकली आणि नांदेडची एसटी धरली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याला गाडी थांबली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, “माहेराला चाललाव का?” ती म्हणाली, “हाव.” बाईनं पेरू दिला. तो तिनं हातात धरून ठेवला आणि उतरताना सीटवर विसरली.

वॉर्डात केरबा झोपलेले. हातांना पट्ट्या, पट्ट्यांखाली कातडी लाल. भामाबाई स्टुलावर बसून त्यांच्या तळव्याला बोटानं तेल लावत होती, पट्टीच्या कडेकडेनं, चोरून लावल्यासारखं.

“आलीस माय,” ती म्हणाली. “बग तुजा बाप. चोरासारका बांधून ठिवलाय.”

सुगत कागद बघून हलका झाला. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण आकृतीतली रेघ वर गेलेली त्याला दिसली. “सांगत न्हवतो म्या? अक्का, तू उगं बघते बघते करत हुतीस.” त्यानं महामायाला तिथूनच फोन लावला. “बसवून राहिलोत आम्ही. अक्कानं मशीनवर काढलंय.”

राजशेखर आला. कालपर्यंत बाकावर डुलक्या काढणारा पोरगा, आता गळ्यात स्टेथोस्कोप. त्यानं कागद उभ्या उभ्या वाचले.

“मॅडम, मस्त काढलंय. लकवा कधी आला होता?”

“झाली की लई वर्षं,” सुगत म्हणाला.

“आणि खाणं?”

“या दिवाळीपासून.”

“मधली वर्षं जेवत होते?”

“जेवत म्हंजे,” भामाबाई म्हणाली, “दोन-दोन भाकरी वडायचे. जेवलो न्हाई म्हनून परत ताट मांगायचे.”

राजशेखरनं कागदावरून डोळे काढले नाहीत. तो विशाखाचाच विद्यार्थी होता. त्यानं नुसतं पहिल्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं तिनंच चार फोडी लिहिल्या होत्या.

विशाखानं वाचलं. पेशंट: लकवा.

तिला आता तरी लाज वाटायला हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पहिल्या फोडी तपासणारी ती, स्वतःच्या बापाची फोड तिनं मुदखेडच्या बायांना सांगायची ती कापून आणली होती. कुणाला फसवायला नाही. हात आपोआप तिकडं गेला, जसा घरात दिव्याच्या बटनाकडं जातो. लाजसुद्धा आली नाही. तिनं कागदांची घडी घातली.

“डॉक्टर, तुमचा कॉम्प्युटर कुठंय?”

“या मॅडम.”

डॉक्टरांच्या खोलीत एका कोपऱ्यात डबे, एका कोपऱ्यात कॉम्प्युटर. भामाबाई मागं मागं आली. सुगत दारात उभा. विशाखानं चार ओळी मांडल्या आणि पहिल्या ओळीशी थांबली. नाव तिला ठाऊक होतं, गोदामातलंसुद्धा. पण ते लिहायचं तर माय समोर होती.

“माय, आबाला काय झालंय?”

“लकवा.”

“माय, हितं मुदखेडचं कुणी न्हाई.”

भामाबाईनं आधी राजशेखरकडं पाहिलं, मग सुगतकडं. पदर डोक्यावर नीट होता तरी परत ओढला.

“मला बी वळखत न्हाईत ते आता,” ती म्हणाली. “परवा म्हनले, बाई, तुमी कुनाच्या? म्या म्हनलं, तुमचीच. तर म्हनले, बरं बरं, बसा. इसरायचा रोग हाय त्याह्यला. लिव तू.”

विशाखानं लिहिलं.

आता चौघांचं बघा. चाळणीनं थोडक्यात आणि कोरडं सांगितलं: विसरण्याचा आजार शेवटाला आला असेल तर नळीनं माणूस जास्त जगतो असं दाखवता आलेलं नाही, पडून राहून पाठीला होणाऱ्या चट्ट्यांसारखे त्रास मात्र वाढू शकतात. गोदामात बरोबर थप्पीचं नाव दिल्यावर पोत्यांवर पोती निघाली, बहुतेकांत तोच दाणा. मोंढ्यानं त्यात खडे मिसळून तेच आणलं, दोन कागद तर लकव्याचेच परत गळ्यात मारले. आणि बोलका. सकाळी नळी घाला म्हणत होता, आता नका घालू म्हणाला. आवाज तोच गोड. आपण सकाळी काय म्हटलं, याची त्याला खंत नाही. विशाखानं मनात म्हटलं, तुझं काय चुकलं, तुला जे नाव सांगितलं त्याचं उत्तर तू दिलंस.

“एक गोष्ट सांगून ठेवते,” ती राजशेखरला म्हणाली. शिकवतानाचा तिचा आवाज आपोआप निघाला. “ह्यातले बहुतेक पेशंट परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या संस्थेतले आहेत. पगारी माणूस भरवतो. बायको स्टूल घेऊन बसलीय, असं ह्यात कुणी मोजलेलं मला दिसत नाही. म्हणजे हे आपल्याला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही.”

“पण उलट्या बाजूनं काही आहे का मॅडम? नळीचा फायदा दाखवणारं?”

“ह्या आजारात भक्कम असं नाही.”

“मग मी पोटाची नळी सुचवणार नाही. पट्ट्या काढू. बसवून, थोडं थोडं, घट्टसर भरवा. घेतील तेवढं.”

सुगत दारातून आत आला. “आणि न्हाई घेतलं तर?”

राजशेखरनं विशाखाकडं पाहिलं.

“म्हंजे उपाशी मारायचं. सरळ म्हना ना. अक्का, तुझं हे मशीन सकाळी एक बोलतंय, सांच्याला एक बोलतंय, आणि त्याच्यावर माझा बाप सोडायचा?”

“सकाळी म्या त्याला खोटं सांगितलं रे.”

“आन लोकाला काय सांगू? लकव्यावर नळी लावत्यात हे शेंबड्या पोराला ठावं हाय. उद्या मुदखेडचे येतील, म्हनतील, दोघं शिकले-सवरलेले, बापाला दोन चमचे दूध नळीनं देववलं न्हाई.”

तिथं खरी गाठ होती. नळी नको म्हणायची, तर ती कशानं नको हे सांगावं लागणार. इतकी वर्षं झाकलेलं वॉर्डात, दहा माणसांत, नावानिशी काढावं लागणार. विशाखा म्हणू शकली असती की मी सांगते. पण ती कॉम्प्युटर बंद करायचं बटन शोधत बसली, आणि ते समोरच होतं.

पट्ट्या त्याच संध्याकाळी निघाल्या. केरबांनी हात वर केले, स्वतःच्या हातांकडं पाहिलं आणि परत चादरीवर ठेवून दिले. नळी काढताना त्यांनी नाक मुरडलं. बस, तेवढंच. भामाबाईनं ज्वारीच्या पिठाची आंबील घट्टसर करून आणवली होती. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसरा गालात राहिला. ती गाल बोटानं चोळत “गिळा, गिळा की” म्हणत राहिली. विशाखा बाजूला वाटी धरून उभी. कुणी विचारलं असतं की बरं वाटतंय का वाईट, तर तिला सांगता आलं नसतं. वाटी धरायची होती, ती धरली.

दुसऱ्या दिवशी मुदखेडहून आप्पासाहेब आले. विहाराचं सगळं तेच बघतात, केरबांच्या बरोबरीचे. बरोबर केळी. पलंगाशी उभं राहून त्यांनी “केरबा” अशी हाक मारली. केरबांनी पाहिलं, पण जसं भिंतीकडं बघावं तसं.

“नळी दिसत न्हाई ती?” आप्पासाहेब म्हणाले. “फोनवर तर सुनबाई म्हनत हुती बसवून राहिलेत म्हनून.”

भामाबाईचा चमचा वाटीतच थांबला. विशाखा चादर सरळ करायला लागली. वॉर्डातली शेजारची माणसं उगाच इकडं बघत होती, दवाखान्यात माणसं बघतात तशी. तेव्हा सुगत बोलला. खिडकीकडं तोंड करून बोलला.

“त्याह्यला लकवा न्हाई आप्पा. त्यो तवाच बरा झालता. इसरायचा आजार हाय. शेवटाला आलाय. नळीनं काई उपेग न्हाई, उगं हात बांधून ठिवायचे. अक्कानं बघितलंय सगळं. दोनदा बघितलंय.”

आप्पासाहेबांनी केळ्यांची पिशवी स्टुलाखाली ठेवली. बराच वेळ ते पिशवीची गाठच सोडत होते. मग म्हणाले, “आमच्या आईलाबी हेच हुतं रे. आमी कान गेले म्हनून सांगत हुतो लोकाला. लई वरडायचो तिच्याजवळ, लोकाला खरं वाटावं म्हनून.”

सुगतनं वळून पाहिलं. विशाखानंही पाहिलं. आप्पासाहेबांनी पलंगाच्या कडेला जागा करून घेतली आणि केरबांचं मनगट हातात धरलं, पट्टीची लाल रेघ होती तिथंच. केरबांनी ते सोडवून घेतलं नाही.

“जरा गप ऱ्हावा समदे,” भामाबाई म्हणाली. “तोंडात घास हाय त्याह्यच्या. बोललं की ध्यान तिकडं जातंय.”

सगळे गप्प झाले आणि केरबांच्या गळ्याकडं बघत राहिले.